जेवायची भीती वाटते तेव्हा

मराठीत ‘तब्येत सुधारली हं!’ इतकं दुधारी कौतुक दुसरं नसेल. लग्नाच्या हॉलमध्ये आत्या हे म्हणते तेव्हा तिच्या मनात एवढंच असतं, की पोरगी खाऊनपिऊन सुखी दिसतेय. पोरीला ऐकू येतं, जाड झालीस. आणि ‘किती वाळलीस गं, खातेस की नाही?’ असं पोटतिडकीने विचारलं, तर खाण्याचा आजार जडलेल्या मुलीच्या कानाला ते शाबासकीसारखं गोड लागतं. मी स्वतः ही दोन्ही वाक्यं कितीदा बोललो असेन, मोजदाद नाही. या आजारांवर उपचार करणारे लोक घरच्यांना सुरुवातीलाच बजावतात, की तिच्या वजनावर, चेहऱ्यावर, अंगावर काही बोलू नका. चांगलंसुद्धा नको. घरचे गोंधळतात. मग बोलायचं तरी काय? त्याकडे येऊच.

आजारांची नावं भरभर सांगून टाकतो. ॲनोरेक्सियात माणूस खाणं इतकं तोडतो की वजन धोक्याच्या खाली जातं, तरी वजन वाढेल ही धास्ती सुटत नाही. बुलिमियात ताबा सुटून भसाभस खाल्लं जातं आणि मग ते ‘फेडायला’ उलटी, उपास किंवा अंग मोडेपर्यंत व्यायाम. या आजाराचं वर्णन लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केलं. बिंज इटिंगमध्ये खाणं तसंच असतं, फेडणं नसतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत त्याला स्वतंत्र आजाराची जागा मिळाली थेट २०१३ मध्ये. बुलिमियातलं वजन बहुधा चारचौघांसारखंच असतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. आणि हे ‘मुलींचे आजार’ नाहीत. जिममध्ये तासन्‌तास घालवूनही आपण काडीपैलवानच आहोत असं वाटणारी मुलं याच आळीत राहतात, फक्त त्यांना कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती खरी नाही, उपचार समजावून सांगायला मी जुळवून घेतली आहे. साताऱ्याकडची, वय वीस, शिकायला पुण्यात. मेसचा डबा. सकाळी नुसती काळी कॉफी, दुपारी डब्यातली काकडी नि अर्धी पोळी, बाकी डबा कुत्र्याला. संध्याकाळपर्यंत डोकं गरगरतं. रात्री खोलीतली मैत्रीण झोपली की आईने दिलेला चिवड्याचा डबा, पाव, बिस्किटांचे पुडे, हाताला लागेल ते. मग बाथरूम. मग रडणं. मग शपथ, की उद्यापासून अजून कमी खायचं.

तिला विचारलं तर ती म्हणेल, माझ्यात इच्छाशक्तीच नाही. आपल्याकडे यासाठी म्हणही तयार आहे: एकादशी, दुप्पट खाशी. म्हण टोमणा म्हणून वापरली जाते, पण तिच्यात शास्त्र आहे. दुप्पट खाणं हे एकादशीचंच पोर आहे.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ तरुण निवडले. शस्त्र हाती धरायला तत्त्वासाठी नकार दिलेले, धडधाकट, मनानेही खणखणीत. युरोपात उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा माणसात कसं आणायचं हे शोधायचं होतं, त्यासाठी या तरुणांनी आपणहून उपाशी राहायचं कबूल केलं. २४ आठवडे त्यांना दिवसाला दोन तुटपुंजी जेवणं मिळाली. बटाटे, सलगमसारखे कंद, पाव, मॅकरोनी. वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं. ते अपेक्षितच होतं.

अपेक्षित नव्हतं ते डोक्याचं झालं. या पोरांना जेवणाशिवाय काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं जमवून ते रात्री कादंबरीसारखी वाचत. एका ताटापाशी दोन-दोन तास बसत, घास घोळवत, ताट चाटून पुसत. चिडके झाले, एकलकोंडे झाले, प्रेयसीच्या पत्रात रस उरला नाही. काहींचा ताबा सुटून ते चोरून खाऊन आले आणि मग अपराधाने पोळत राहिले. स्वतः हाडांचे सापळे झालेले असताना त्यांना आपण फार बारीक आहोत असं वाटत नव्हतं, इतर लोकच जाड दिसू लागले होते. आणि पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावर कित्येकांची भूक महिनोन्‌महिने शमेना. यांतल्या कुणालाही मासिकातल्या मॉडेलसारखं दिसायचं नव्हतं. नुसत्या उपासमारीने एवढं सगळं घडवलं होतं.

या प्रयोगामुळे उपचारांचा क्रम कळतो. उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग नाही. ‘तू सुंदरच आहेस’, ‘आरशात बघ, कुठे जाड आहेस?’ हे सगळं बहिऱ्या कानावर जातं. आधी वेळच्या वेळी पोटात अन्न, मग चर्चा. माझ्या मते या विषयात सामान्य माणसाला एकच गोष्ट समजायला हवी असेल तर ही.

आपल्या मुलीवर जो उपचार होईल त्याला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्ही टोकांनी गाठ सोडवणं. खाण्याच्या आजारांसाठीची त्याची घडण ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी केली. वजन फार घसरलेलं नसेल तर साधारण २० आठवड्यांत २० भेटी. घसरलेलं असेल तर ४० च्या आसपास. सोफ्यावर पडून लहानपण आठवायचं, असं चित्र मनात असेल तर इथे निराशा होईल. पहिलं काम शाळकरी आहे: वही लिहा. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, त्या आधी काय झालं, मनात काय होतं. रात्री आठवून लिहायचं नाही, घास खाली उतरला की लगेच लिहायचं. उष्मांक लिहायचे नाहीत, ते तिला तोंडपाठ असतातच.

दुसरं काम, तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा काहीतरी. दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड नको. भूक लागो न लागो, घड्याळ सांगेल तेव्हा खायचं. काय खायचं याची सुरुवातीला फारशी सक्तीही नसते, कधी खायचं याची असते. मुलीला वाटतं, एवढं खाल्लं तर मी फुगेन. होतं उलटंच. सकाळचे पोहे आणि दुपारचा अख्खा डबा पोटात गेला, की रात्रीच्या चिवड्याच्या डब्याची हाक हळूहळू मंदावते. सगळ्यांचीच नाही आणि लगेच नाही, पण बऱ्याच जणींची पहिल्या महिनाभरातच. एकादशी मोडली की दुप्पट खाशीही मोडते.

वजन थेरपिस्टसमोर, आठवड्यातून एकदाच. रोज सकाळी काट्यावर उभी राहणारी मुलगी पाण्याच्या चढउतारालाच चरबी समजते. आठवड्यांचा आलेख समोर असला की अर्धा किलो इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही, हे डोळ्यांना पटतं. मग ‘बंदी घातलेल्या’ पदार्थांची यादी निघते. आपल्या मुलीच्या यादीत भात असेल, तूप असेल, साबुदाणा खिचडी तर नक्कीच. कमी भीतीच्या पदार्थापासून सुरुवात करून एकेक पदार्थ ताटात परत आणायचा. खिचडी खाल्ली, आभाळ कोसळलं नाही, वहीत नोंद.

याच्या मध्यावर एक साधं चित्र काढायला लावतात. एक गोल, पोळीसारखा. स्वतःची किंमत तू कशाकशावरून ठरवतेस, त्याप्रमाणे त्याचे भाग कर. अभ्यास, मैत्रिणी, घर, गाणं, खेळ. या आजारात पोळीचा पाऊण भाग एकट्या वजनाने आणि दिसण्याने खाल्लेला असतो. तो भाग मारूनमुटकून कमी करता येत नाही. बाकीचे भाग मोठे करावे लागतात, म्हणून सोडून दिलेला गाण्याचा क्लास पुन्हा लावणं हीसुद्धा औषधाची मात्राच असते.

आरशाचंही तसंच. दिवसातून वीसदा पोट चिमटीत धरून बघणं, मनगटाला बोटांचा वेढा घालून मोजणं, बसल्यावर मांड्या किती पसरतात ते तपासणं. ज्याला भिंगाखाली धरू ते मोठंच दिसणार. दुसऱ्या टोकाला आरसाच झाकून ठेवणारे, फोटो काढू न देणारे, उन्हाळ्यातही ढगळ जॅकेट न काढणारे. दोघांनाही थेरपीत पुरं शरीर, ठरलेला वेळ, विशेषणं न लावता बघायला शिकवतात. ‘जाडे दंड’ म्हणायचं नाही. दंड कोपरापर्यंत जातो, त्यावर लहानपणीचा एक वण आहे, एवढंच म्हणायचं. ऐकायला पोरकट वाटतं. करून बघा, किती कठीण आहे ते.

दिसण्याचं हे वेड आतूनच उगवतं असंही नाही. फिजी बेटांवर भरदार शरीराला मान होता, कुणी वाळलं तर घरचे काळजी करत, अगदी आपल्या आजीसारखे. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना तीच प्रश्नावली दिली. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजनासाठी उलट्या करणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, त्या ११ टक्क्यांच्या वर गेल्या. आपल्याकडे टीव्हीच्याही आधीपासून लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द नोकरी-शिक्षणाच्या पंगतीला बसलेले आहेत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोहे आणून देणारी मुलगी स्वतः त्यातले किती खाते, हे कधी बघितलंय?

नात्यांचा विषय इथे येतो, आणि इथे एक गंमतशीर गोष्ट सांगायलाच हवी. ऑक्सफर्डमध्ये सीबीटीची परीक्षा घेताना तुलनेसाठी दुसरी एक थेरपी घेतली होती, आयपीटी, म्हणजे माणसामाणसांतल्या नात्यांवर काम करणारी थेरपी. ती मुळात नैराश्यासाठी जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी बांधलेली. तिच्यात सुरुवातीची माहिती घेऊन झाल्यावर खाणं, वजन, आरसा यांचा विषयच काढायचा नव्हता. बोलायचं फक्त माणसांबद्दल: कुणाशी धुमसतंय, कुणाला गमावलंय, आयुष्यात कोणता बदल अंगावर आलाय, एकटं का वाटतंय. उपचार संपले तेव्हा सीबीटी पुढे होती. पण वर्षभराने पुन्हा तपासलं, तर आयपीटीवाल्या रुग्णांनी तिला गाठलं होतं. ज्या थेरपीत जेवणाचं नावही निघालं नाही, तिने जेवण सुधारलं!

मग ‘आधी अन्न’ हे माझं म्हणणं खोटं पडलं का? तसं वाटत नाही. या रुग्ण बुलिमियाच्या होत्या, ॲनोरेक्सियाने खंगलेल्या नव्हत्या. आणि आयपीटीसुद्धा काही महिन्यांची, आजच्या नात्यांवर बोट ठेवणारी, काम नेमून घेतलेली थेरपी आहे. नुसतं खोल खोल खणत बसण्याने काय होतं याचं उत्तर कोपनहेगनमधल्या एका अभ्यासात आहे, तो २०१४ मध्ये छापून आला. बुलिमियाच्या ७० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषण, निम्म्यांना पाच महिन्यांत २० भेटींची सीबीटी. दोन वर्षांनी ताबा सुटून खाण्याचे आणि ते फेडण्याचे झटके पूर्ण थांबलेले: मनोविश्लेषणात १५ टक्के, सीबीटीत ४४ टक्के. म्हणजे सीबीटीतही निम्म्याहून जास्त जणांना पूर्ण आराम नव्हता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आपल्या मुलीच्या वहीतच नातं सापडतं. रात्रीचे झटके येतात ते बहुतेक रविवारी, घरी फोन झाल्यावर. फोनवर भांडण होत नाही. बाबा मार्कांचं विचारतात, आई ‘स्थळ आलंय, फोटो चांगला काढून घे’ म्हणते, आणि ही ‘हो’ म्हणते. तोंडातून ‘नाही’ निघत नाही, म्हणून तो ‘नाही’ ताटावर निघतो. ब्रिटनच्या डायनाने १९९५ च्या गाजलेल्या मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल असंच काहीसं सांगितलं होतं, की संसारात जे चाललं होतं त्याचं ते लक्षण होतं. थेरपीत या मुलीला फोनवर म्हणायचं एकच वाक्य तयार करून दिलं जाईल: ‘आई, लग्नाचं आपण परीक्षेनंतर बोलू, आत्ता मला तुझ्याशी नुसतं बोलायचंय.’ हे वाक्य ती थेरपिस्टसमोर चार वेळा म्हणून बघेल. पाचव्यांदा आईला म्हणेल. आणि जोडीदाराशी नातं असेल तर तिथलं मौन वेगळं: अंगाला हात लागू न देणं, दिव्याखाली कपडे न बदलणं, बाहेर जेवायला जायचं टाळणं. नवऱ्याला वाटतं, हिला मी नकोसा झालोय. तिला नकोसं झालेलं असतं ते स्वतःचं अंग. हे एकदा दोघांसमोर बोललं गेलं तरी घरातली हवा बदलते.

मुलगी पंधरा-सोळाची आणि आजार ॲनोरेक्सिया असेल, तर मात्र उपचाराचा नूरच वेगळा. विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरने या आजाराला नाव दिलं, आणि १८७४ मध्ये छापलेल्या निबंधात सल्लाही: रुग्णाला ठरावीक वेळाने खाऊ घाला, आणि नातेवाइकांना दूर ठेवा, त्यांच्याइतके वाईट शुश्रूषा करणारे दुसरे कुणी नाहीत. अर्धं बरोबर, अर्धं चूक. पुढची शंभर वर्षं डॉक्टर आईबापांना दारातच अडवत राहिले, आणि वर दोषही त्यांनाच.

हे उलटं केलं लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयातल्या लोकांनी: रसेल, क्रिस्टोफर डेर, आयव्हन आइस्लर. त्यांच्या १९८७ च्या अभ्यासात दिसलं, की आजार लहान वयात सुरू झाला असेल आणि तीन वर्षांहून जुना नसेल, तर घरच्यांना सोबत घेऊन केलेली थेरपी एकट्या रुग्णाशी बोलण्यापेक्षा जास्त लागू पडते. यात पहिले काही महिने मुलीने काय आणि किती खायचं हे आईबाप ठरवतात. टायफॉइड झालेल्या लेकराला आपण विचारतो का, औषध घेशील का म्हणून? तसंच. दुसऱ्या भेटीला सगळ्या घराने डबा घेऊन क्लिनिकमध्ये यायचं आणि तिथे जेवायचं, थेरपिस्टसमोर. कुणी धमकावतं, कुणी लाडीगोडी लावतं, आजी ‘राहू दे, नको तर नको’ म्हणते, आणि आजार आजीच्या आड लपतो. हे सगळं तिथे उघडं पडतं. मग थेरपिस्ट शिकवतात: आवाज न चढवता, शेजारी बसून, ‘मला माहितीये तुला भीती वाटतेय. ही भाकरी खायची आहे. मी इथेच बसलेय.’ पुन्हा तेच. तासभर लागला तरी तेच. दोष मुलीचा नाही, तुमचा नाही, आजार हा घरात घुसलेला पाहुणा आहे आणि त्याला सगळ्यांनी मिळून घालवायचाय, असं धोरण. वजन सावरलं की खाण्याचा कारभार हळूहळू मुलीकडे परत.

आपल्या घरांना हे जमण्यासारखं आहे, एकत्र जेवायची सवय अजून पुरती गेलेली नाही. अडचण वेगळीच येते: ताटापाशी एकाच वेळी सहा जण सहा सल्ले देतात. म्हणून ताटाचा शब्द फक्त दोघांचा, बाकीच्यांनी गप्पा मारायच्या. क्रिकेटच्या, शेजाऱ्यांच्या, कशाच्याही. पहिल्या परिच्छेदातल्या ‘मग बोलायचं काय?’चं उत्तर हेच.

शरीराकडे डोळेझाक करून कुठलीही थेरपी चालत नाही. मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू होणाऱ्यांत ॲनोरेक्सिया आहे. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते, वजन व्यवस्थित दिसत असतानाही. दातांचं वरचं आवरण झिजतं, म्हणून कधी कधी बुलिमिया पहिल्यांदा ओळखतो तो दंतवैद्य. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. आणि खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर खाऊ घालणं हेही घातक, कारण रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं; तिथे डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घरचं तूप-मेतकूट सुरू करू नका. चक्कर, छातीत धडधड, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर थेरपीची तारीख बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना. औषधांचं म्हणाल तर बुलिमियात फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीचा उपयोग होतो. ॲनोरेक्सिया बरी करणारी गोळी अजून निघालेली नाही.

जायचं कुणाकडे? औषधं आणि तपासण्या मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेला डॉक्टर. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागायला संकोच नको. सोबत आहारतज्ज्ञ लागेल, पण वजन उतरवण्याचे चार्ट देणारा नको. पहिल्या भेटीत विचारा: खाण्याचे आजार असलेले रुग्ण तुम्ही आधी बघितलेत का, आणि माझं खाणं आपण कधीपासून हाताळणार? दुसऱ्या प्रश्नाला ‘ते आपोआप सुधारेल’ असं उत्तर आलं तर दुसरं दार ठोठवा. रात्री-बेरात्री कुणाशी तरी बोलायचंच असेल तर टेली-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय. पण बऱ्याच पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत आणि थेरपी तर बाहेरूनच चालते, तेव्हा कागद आधी वाचा.

उपवासांचं काय, हे हमखास विचारलं जातं. संकष्टी, नवरात्र, हरतालिका. आजाराला यासारखं सोवळं पांघरूण दुसरं मिळत नाही, कुणी ओरडत नाही, उलट कौतुक होतं. उपचार चालू असेपर्यंत उपवास बंद. आजाऱ्याला उपवास नको हे घरातल्या थोरांनाही मान्य असतं, फक्त हा आजार आहे हे त्यांना सांगायला लागतं.

वीस भेटी संपत आल्या की आपली मुलगी थेरपिस्टसोबत एक कागद तयार करते. घसरगुंडी कुठे होऊ शकते, तेव्हा काय करायचं. परीक्षा. मावसबहिणीचं लग्न. प्रेमात बिनसलं तर. एखादा वाईट दिवस म्हणजे आजार परतला असं नाही. पुढचं जेवण मात्र चुकवायचं नाही, असं वर ठळक लिहिलेलं. सगळ्यांत खाली दिवाळी: फराळ सकाळी, सगळ्यांबरोबर बसून, ताटलीत घेऊन. चकल्या मोजायच्या नाहीत. आत्या ‘तब्येत सुधारली’ म्हणाली तर म्हणायचं, ‘हो आत्या, चिवडा मस्त झालाय, अजून दे.’